गळवाल्यांची वही: नदीचा इतिहास कुठे कुठे सापडतो

विरारहून सफाळ्याकडे जाताना गाडी वैतरणेवरचा पूल ओलांडते. खाली कुणीतरी गळ टाकून बसलेलं असतंच. दिवसभरात किती मासे लागले, हे तो माणूस कुठे लिहून ठेवत नाही. हौशी शिकारी मात्र ठेवतात, आणि अशाच एका नोंदवहीने एका माशाचा इतिहास बदलला. 'संदर्भ म्हणजे फक्त शोधनिबंध' असं तुम्हाला वाटत असेल तर हे वाचाच. मलाही तसंच वाटायचं.

सुरुवात पुण्यापासून करू. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचं वर्णन केलं. 1839 साली त्याने मुळा-मुठेतल्या महासीरला शास्त्रीय नाव दिलं आणि त्यात इथलंच नाव ठेवलं: 'खुद्री'. 'नुक्ता', 'कोलुस' ही नावंही त्याच्याचमुळे शास्त्रात टिकली.

पुढे 1873 मध्ये हेन्री सलिव्हन थॉमसचं 'द रॉड इन इंडिया' आलं. आकड्यावर पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बनवायची आणि ती पाण्यावर फेकायची, ही मुळात थंड पाण्यातल्या ट्राउटसाठीची विद्या. आपल्या उष्ण नद्यांत महासीरवर आणि लहान माशांवर ती कशी चालवायची, हे थॉमस लिहितो. हे पुस्तक छंदाचं आहे खरं, पण तेव्हाच्या नद्यांची माहिती त्यात भरपूर आहे.

आता लोणावळा. महासीर कमी होतोय हे दिसत होतंच. सी. व्ही. कुलकर्णी यांनी खुद्रीच्या प्रजननावर 1970च्या सुमारास काम प्रसिद्ध केलं आणि वळवणला टाटांच्या केंद्रात कृत्रिम पैदास सुरू झाली. तिथली पिल्लं देशभर गेली, कावेरीतही. हेतू चांगलाच होता. पण कावेरीत आधीपासून स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महासीर होता. जगभरचे गळवाले त्याच्यासाठीच तिथे यायचे.

आता येते ती वही. कावेरीकाठच्या गळ-छावणीत मासा पकडून सोडून द्यायचा नियम होता. कोणता मासा, किती वजनाचा, किती तास गळ टाकला, हे सगळं लिहिलं जायचं. 1998 ते 2012च्या या नोंदी पिंडर, राघवन आणि ब्रिटन यांनी 2015 मध्ये तपासल्या. ताशी मिळणाऱ्या माशांची संख्या वाढत गेली होती. हे वाचून मी खूश झाले, म्हटलं चला, पिल्लं सोडल्याचं सार्थक झालं. मग पुढचं वाचलं. वाढली होती ती बाहेरून आणलेली खुद्री. उंचवट्याचा महासीर जवळजवळ दिसेनासा झाला होता. 'महासीर' असा एकच रकाना असता तर हे कधीच कळलं नसतं!

'किती तास' हा रकानाही तितकाच मोलाचा. वीस मासे दोन तासांत मिळाले की वीस तासांत, हे माहीत नसेल तर 'वीस' या आकड्याला काही अर्थ नाही.

वहीची मर्यादाही बघा. ती 1998 पासूनची आहे, पिल्लं सोडणं त्याआधीच सुरू झालं होतं. म्हणजे मूळ नदी कशी होती हे ती सांगत नाही. शिवाय गळाला लागतो तोच मासा वहीत येतो. त्यासाठी थॉमससारख्यांची जुनी पुस्तकं आणि फोटो उघडावे लागतात. तिथे पुन्हा वेगळी अडचण: शिकारी सांगतो ती त्याची सगळ्यात मोठी शिकार, रिकाम्या हाताने परतलेला दिवस तो सहसा लिहीत नाही.

शंभराहून अधिक वर्षं गळवाल्यांच्या गप्पांत असलेल्या त्या उंचवट्याच्या माशाची शास्त्रीय ओळख पक्की झाली 2018 मध्ये: टॉर रेमादेवी. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला आणि आपली खुद्री मात्र 'फारशी चिंता नाही' या गटात गेली.

परवा वैतरणेच्या पुलाखालच्या एका काकांना विचारलं, "पूर्वी इथे काय लागायचं?" त्यांनी पाच-सहा नावं सांगितली. दोन मला कुठल्याच पुस्तकात सापडलेली नाहीत. तारीख टाकून लिहून ठेवली आहेत.