गुडघेदुखीवर ट्रॅमाडॉल: दुखणं थांबतं, पण सूज उतरते का?

लावणीचे दिवस चिखलात वाकून काढले की गुडघे आणि कंबर बोलायला लागतात. रत्नागिरी जिल्ह्यातलं पाली असो की शेजारचं लांजा, आजीच्या औषधांच्या डब्यात दुखण्याची एखादी स्ट्रिप सापडतेच. त्यावर ‘ट्रॅमाडॉल’ किंवा ‘टॅपेंटाडॉल’ असं नाव असेल, तर ती साधी पेनकिलर नाही. ती ओपिऑइड आहे, म्हणजे अफूसारखं काम करणारं औषध. संधिवातात तिचा उपयोग किती? समजून घेऊ.

ओपिऑइड नेमकं काय करतं?

अफूच्या बोंडातल्या चिकापासून मॉर्फिन आणि कोडीन मिळतं. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटानिल ही कारखान्यात बनवलेली औषधं. ही सगळी मेंदू आणि मज्जारज्जूतल्या ठरावीक रिसेप्टरवर काम करतात आणि वेदनेचा निरोप मंद करतात.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांचं काम वेगळं. सूज आणणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं शरीरात तयार होतात, ती ही औषधं कमी करतात. म्हणून दुखणं आणि सूज दोन्ही उतरतात. (पॅरासिटामॉल दुखणं आणि ताप कमी करतं, पण सुजेवर त्याचा फारसा उपयोग नाही.)

थोडक्यात, ओपिऑइड घेतल्यावर सांध्यातली सूज तिथेच राहते. फक्त ती जाणवत नाही.

मग यात अडचण काय?

‘संधिवात’ हा एकच आजार नाही.

- गुडघ्याची झीज: वयानुसार किंवा कष्टानं सांध्यातली कूर्चा झिजते.
- आमवात (ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस): शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. दोन्ही हातांची बोटं सुजतात, सकाळी अर्धा-एक तास सांधे आखडलेले राहतात.
- गाउट: युरिक अ‍ॅसिडचे खडे सांध्यात साठतात. बऱ्याचदा पायाचा अंगठा अचानक लालबुंद होतो.
- चिकुनगुन्यानंतरची सांधेदुखी: ताप गेल्यावरही महिनोन्‌महिने टिकू शकते.

आमवातात मेथोट्रेक्सेटसारखं मूळ आजार आवरणारं औषध लवकर सुरू व्हावं लागतं. हे औषध सांध्यांसाठी आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. उपचाराला उशीर झाला तर झिजलेलं हाड आणि वाकडी झालेली बोटं पूर्वीसारखी होत नाहीत. ओपिऑइडनं दुखणं दबलं की नेमका हाच वेळ हातातून जातो.

पालीहून एक रस्ता रत्नागिरीला जातो, दुसरा आंबा घाटातून कोल्हापूरला. तज्ज्ञाला दाखवायचं तर दिवस मोडतो. मग ‘मागच्या वेळची तीच गोळी द्या’ हे सोपं वाटतं.

संशोधन काय सांगतं?

अमेरिकेत माजी सैनिकांवर झालेला ‘स्पेस’ नावाचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखी किंवा खुबा-गुडघ्याची झीज असलेले २४० रुग्ण त्यात होते. निम्म्यांना मॉर्फिनसारखी ओपिऑइड दिली, निम्म्यांचे उपचार पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणाऱ्या औषधांपासून सुरू झाले. (या दुसऱ्या गटात बाकी काही लागू पडलं नाही तर ट्रॅमाडॉलची मुभा होती, पण ते थोड्याच जणांना लागलं.)

१२ महिन्यांनी रोजची कामं करण्याची क्षमता दोन्ही गटांत सारखीच होती. दुखणं मात्र ओपिऑइड न घेणाऱ्यांचं किंचित कमी होतं, आणि औषधांचा त्रास ओपिऑइड गटात जास्त.

अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, गुडघ्याच्या झिजेत इतर पर्याय चालत नसतील तर ट्रॅमाडॉलचा विचार करता येतो. इतर ओपिऑइड शक्यतो टाळावीत, असं त्या सांगतात.

धोके कोणते?

बद्धकोष्ठता, मळमळ, गुंगी, चक्कर. म्हाताऱ्या माणसाला रात्री उठताना चक्कर येऊन पडणं म्हणजे खुब्याचं हाड मोडण्याची भीती. दारू किंवा झोपेच्या गोळीसोबत घेतल्यास श्वास मंदावू शकतो. ट्रॅमाडॉलनं फिट येऊ शकते. नैराश्याच्या काही औषधांसोबत ते धोकादायक ठरतं. शिवाय सवय लागते.

कायदा काय म्हणतो?

एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारनं ट्रॅमाडॉल अमली पदार्थविरोधी ‘एनडीपीएस’ कायद्याखाली आणलं. चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही.

गैरवापराची साखळी महाराष्ट्रापर्यंतही आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकत्र करून पश्चिम आफ्रिकेत पाठवल्याचं बीबीसीच्या तपासात समोर आलं. त्यानंतर पालघर जिल्ह्यातल्या कंपनीवर कारवाई झाली आणि या मिश्रणाची निर्यात केंद्रानं थांबवली.

म्हणजे ही औषधं वाईटच?

नाही. कर्करोगाच्या असह्य वेदनेत मॉर्फिन हा मोठा आधार आहे. ते रुग्णांना सहज मिळावं म्हणून २०१४ मध्ये कायदा बदलला गेला. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस, किंवा किडनी-पोटाच्या त्रासामुळे डायक्लोफेनॅक चालत नसेल तेव्हाही डॉक्टर ओपिऑइड देऊ शकतात. दुसरी बाजूही लक्षात ठेवा: डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रोज मनानं खाल्ल्या तर जठराला अल्सर होतो, किडनीवर ताण येतो.

तुम्ही काय करू शकता?

- घरातल्या स्ट्रिपवरची औषधांची नावं वाचा. ट्रॅमाडॉलसोबत बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं. तापाची गोळी वेगळी घेतली तर त्याचा डोस दुप्पट होतो.
- सांधे सुजलेले असतील, सकाळी आखडत असतील तर डॉक्टरांना थेट विचारा: हा कोणता संधिवात? रक्ततपासणी हवी का?
- गोळी किती दिवस घ्यायची आणि कधी बंद करायची, हे लिहून घ्या.
- बरेच आठवडे ओपिऑइड सुरू असेल तर एकदम थांबवू नका. डॉक्टर डोस हळूहळू कमी करतात.
- गुडघ्याच्या झिजेत मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजन कमी करणं, हातात काठी आणि वरून लावायचं जेल यांचा खरा उपयोग होतो.
- शेजाऱ्याची गोळी आपल्याला नको, आपली शेजाऱ्याला नको.

पुढच्या वेळी आजीला डॉक्टरांकडे नेताना औषधांचा सगळा डबाच सोबत घ्या.