प्रखर प्रकाश, रंगीत निगेटिव्ह आणि वनप्रदेशाचा दृश्य इतिहास : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात

प्रस्तावना :
चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. या वनप्रदेशाच्या अलीकडील इतिहासासाठी कागदपत्रांप्रमाणेच छायाचित्रे हेही महत्त्वाचे साधन होय. मात्र छायाचित्रात काय उमटले आणि काय हरवले, हे फिल्मच्या गुणधर्मांवरही अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या बाबीचा विचार केला आहे.

प्रकाश आणि फिल्मची निवड :
येथील अरण्य पानझडीचे आहे. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो व ऊन थेट जमिनीवर उतरते. बांबूच्या बेटात मात्र गडद सावली असते. ताडोबा तलावाचे चकाकते पाणी आणि काठावरील झाडोरा एकाच चौकटीत घेतल्यास उजेड-सावलीतील तफावत शंभर पटींपर्यंत जाऊ शकते. पारदर्शिकेच्या फिल्मला ती पेलत नाही. एक्स्पोजरमधील अर्ध्या स्टॉपची चूकही तेथे जाणवते. रंगीत निगेटिव्ह दोन-तीन स्टॉप अधिक प्रकाश सहन करते, परंतु कमी प्रकाशात तिच्या सावल्या रिकाम्या राहतात. म्हणून प्रकाशमापन सावलीचे करावे, हा संकेत रूढ झाला.

कोडाकलर ही निगेटिव्ह फिल्म १९४२ मध्ये आली. सी-४१ प्रक्रिया १९७२ मध्ये. १९९८ च्या पोर्ट्रा मालिकेतील १६० एनसी ही सौम्य रंगभेदाची फिल्म होती. प्रखर उन्हासाठी अशी मंद गतीची, सौम्य फिल्म अधिक उपयुक्त ठरते.

मुद्रित प्रत आणि मूळ साधन :
छपाईच्या रंगजुळणीसाठी कोडॅकने प्रयोगशाळांना पुरविलेल्या ‘शर्ली’ कार्डांवर दीर्घकाळ गौरवर्णीय स्त्रीचे चित्र असे. हे प्रमाण मानून केलेल्या छपाईत मोहाच्या सावलीत उभ्या असलेल्या गोंड वा माडिया व्यक्तीचा चेहरा काळवंडण्याचा संभव होता. तथापि, छपाईच्या कागदापेक्षा निगेटिव्हमध्ये प्रकाशाचा पल्ला अधिक सामावतो. प्रतीत न दिसणारा चेहरा निगेटिव्हच्या नव्या स्कॅनमध्ये अनेकदा दिसू शकतो.

निष्कर्ष :
१) इतिहासाचे मूळ साधन निगेटिव्ह आहे, मुद्रित प्रत हा तिचा एक अन्वयार्थ होय.
२) प्रतीतील काळोखावरून माणसांच्या अनुपस्थितीचे अनुमान काढू नये.
३) उष्णतेने फिल्ममधील रंगद्रव्ये लवकर फिकी पडतात आणि चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो. त्यामुळे महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी घरोघरी व कार्यालयांत पडून असलेल्या निगेटिव्ह विनाविलंब संकलित करून थंड, कोरड्या जागी जतन करणे आवश्यक आहे. अन्यथा कागदपत्रांत ज्यांची नावे नाहीत, त्यांचे चेहरेही इतिहासातून पुसले जातील.