टॉम ब्यूकॅननचे येल कुठे गेले?

फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्स्बी’ (१९२५) या कादंबरीतील टॉम ब्यूकॅनन आपल्या इंग्रजी विभागांतून अनेक पिढ्यांनी अभ्यासला आहे. हा धनाढ्य, उद्दाम माणूस विद्यार्थिदशेत येल विद्यापीठाच्या फुटबॉल संघात खेळत होता आणि त्या खेळामुळे देशभर ओळखला जात होता, असे कादंबरी सांगते. शिकवताना आपण बहुधा हा तपशील श्रीमंती शौकाची एक खूण म्हणून सोडून देतो. मात्र आजच्या अमेरिकी विद्यार्थ्याला तो क्षणभर तरी बुचकळ्यात टाकेल. त्याच्या दृष्टीने येल म्हणजे भावी न्यायाधीश आणि राष्ट्राध्यक्ष घडवणारी संस्था. फुटबॉलसाठी तो अलाबामा, ओहायो स्टेट, जॉर्जिया, टेक्सास ही नावे घेईल. येलचा संघ आजही खेळतो, पण सर्वोच्च श्रेणीत नव्हे, तिच्या खालच्या पायरीवर. शंभर वर्षांत असे काय घडले, की ज्या विद्यापीठाने हा खेळ घडवला त्याचेच नाव त्याच्या पहिल्या पंक्तीतून नाहीसे व्हावे? या प्रश्नाचा माग घेत गेले की अमेरिकेतील उच्चशिक्षणाचा एक वेगळाच इतिहास हाती लागतो.

प्रथम थोडी परिभाषा. येथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळायचा अमेरिकी फुटबॉल. महाविद्यालयीन पातळीवर त्याचे नियमन प्रामुख्याने नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे एनसीएए ही संस्था करते. तिने महाविद्यालयांचे तीन विभाग पाडले आहेत, आणि फुटबॉलपुरत्या पहिल्या विभागाच्या पुन्हा दोन पायऱ्या आहेत. २०२५ च्या हंगामात वरच्या पायरीवर १३६ संघ होते, खालच्या पायरीवर १३० च्या आसपास. दुसऱ्या विभागात सुमारे १६० आणि तिसऱ्या विभागात सुमारे २४० संघ खेळतात. भेदाचे मुख्य गमक पैशाचे आहे. २०२५ पर्यंतच्या नियमांनुसार वरच्या पायरीवरील विद्यापीठाला ८५ खेळाडूंना पूर्ण शिष्यवृत्ती देता येत असे, खालच्या पायरीवर ६३ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, दुसऱ्या विभागात ३६ ची. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्तीच नाही. ‘विभाग’ हा शब्द ऐकून भौगोलिक वाटणी मनात येते. प्रत्यक्षात ही उतरंड आहे.

पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सी राज्यातील न्यू ब्रन्स्विक येथे झाला. रटगर्सने प्रिन्स्टनला सहा विरुद्ध चार गुणांनी हरवले. एका बाजूला पंचवीस खेळाडू होते आणि चेंडू हातात घेऊन पळण्यास मनाई होती. म्हणजे तो खेळ आपल्या ओळखीच्या फुटबॉलच्या अधिक जवळचा होता. त्याला आजचे रूप दिले ते येलच्या वॉल्टर कॅम्पने, १८८० नंतरच्या नियमबदलांतून. येल, हार्वर्ड, प्रिन्स्टन ही तेव्हा खेळाची सत्ताकेंद्रे होती. सारी पूर्व किनाऱ्यावरची, खाजगी, जुन्या घराण्यांच्या मुलांची. खेळातील मृत्यूंनी १९०५ मध्ये देश हादरला, तेव्हा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमध्ये बोलावले तेही याच तिघांच्या प्रतिनिधींना. त्या पेचप्रसंगातून १९०६ मध्ये जी संघटना उभी राहिली, तीच १९१० पासून एनसीएए या नावाने ओळखली जाते.

पूर्वेची ही मक्तेदारी मोडण्याचे बीज मात्र आधीच रोवले गेले होते. १८६२ मध्ये लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. केंद्र सरकारने राज्यांना जमिनी द्याव्यात आणि त्यांच्या विक्रीतून राज्यांनी शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये काढावीत, अशी ही योजना. त्या जमिनींपैकी पुष्कळशा मूळ रहिवासी जमातींकडून करारांनी किंवा बळाने घेतलेल्या होत्या, ही गोष्ट विसरता येत नाही. या योजनेतून मध्यपश्चिमेत आणि मैदानी प्रदेशांत मोठाली सरकारी विद्यापीठे उभी राहिली. नेब्रास्काचे उदाहरण बोलके आहे. १८६७ मध्ये हे राज्य झाले आणि १८६९ मध्ये, म्हणजे पहिला सामना झाला त्याच वर्षी, त्याचे विद्यापीठ स्थापन झाले. कादंबरीकार विला कॅथर याच विद्यापीठाच्या पदवीधर. जुने राजवंश नाहीत, पुरातन वास्तू नाहीत, अशा नव्या राज्याला ‘आम्ही’ म्हणण्यासाठी एखादे प्रतीक हवे होते आणि शनिवारच्या सामन्याने ते पुरवले. १९२३ साली उभारलेले तेथील स्टेडियम युद्धात सेवा बजावलेल्या नेब्रास्कावासीयांच्या स्मरणार्थ आहे. १९६२ पासून तेथील प्रत्येक सामन्याची सर्व तिकिटे विकली गेली आहेत. सामन्याच्या दिवशी ते स्टेडियम लोकसंख्येने राज्यातले तिसरे शहर ठरते. ज्या शेतकऱ्याच्या घरातील कोणीही त्या विद्यापीठाची पायरी चढलेले नाही, तोही त्या संघाला ‘आमचा’ म्हणतो. येलला असे राज्य कधीच नव्हते. येलचे माजी विद्यार्थी होते.

दक्षिणेची कथा याहून गुंतागुंतीची आहे. १९२६ च्या रोझ बोल सामन्यात अलाबामाने वॉशिंग्टन विद्यापीठाला २०–१९ असे हरवले, तेव्हा यादवी युद्धातील पराभवाचे शल्य उराशी बाळगणाऱ्या दक्षिणेने तो विजय आपल्या स्वाभिमानाचा मानला. पुढे १९३२ मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्स स्थापन झाली. कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. खेळाडूंना उघडपणे शिष्यवृत्त्या देण्याची वाट या गटाने १९३५ मध्ये धरली. ज्या गरीब प्रदेशाकडे उद्योग आणि ग्रंथालये तोकडी होती, त्याने प्रतिष्ठा मिळवण्यासाठी हा मार्ग निवडला. पण ती प्रतिष्ठा केवळ गोऱ्यांची होती.

मिसिसिपी राज्यातली वाटणी पाहिली की याचा अर्थ कळतो. तेथे सर्वोच्च पायरीवर तीन विद्यापीठे आहेत : मिसिसिपी विद्यापीठ, मिसिसिपी स्टेट आणि सदर्न मिसिसिपी. लगतच्या खालच्या पायरीवरही तीनच : जॅक्सन स्टेट, अल्कॉर्न स्टेट, मिसिसिपी व्हॅली स्टेट. पहिली तिन्ही गोऱ्यांसाठी होती, दुसरी तिन्ही कृष्णवर्णीयांसाठी. मिसिसिपी विद्यापीठ हे फॉकनरच्या ऑक्सफर्ड गावचे. जुलै १९६२ मध्ये फॉकनर वारला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून त्या गावात दंगल उसळली आणि दोन माणसे मारली गेली. आदल्या संध्याकाळी, २९ सप्टेंबर रोजी, राज्यपाल रॉस बार्नेट यांनी आपल्या राज्याच्या ‘रीतिरिवाजांचे’ गुणगान कोठे केले? जॅक्सन शहरातील स्टेडियममध्ये, मिसिसिपी विद्यापीठाच्या सामन्याच्या मध्यंतरात. विद्यापीठ, खेळ आणि वंशवाद यांचे नाते याहून उघडे क्वचितच पडले असेल.

वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय महाविद्यालयांनी मात्र स्वतःची श्रेष्ठ परंपरा घडवली. लुइझियानातील ग्रॅम्बलिंग येथे एडी रॉबिन्सन १९४१ पासून १९९७ पर्यंत प्रशिक्षक होते आणि त्यांच्या संघांनी ४०८ सामने जिंकले. वॉल्टर पेटन जॅक्सन स्टेटचा, जेरी राइस मिसिसिपी व्हॅलीचा. १९६० नंतरच्या दशकांत गोऱ्या विद्यापीठांची दारे उघडली, ती न्यायानेच उघडली. पण त्यांच्याकडे पैसा, मोठी स्टेडियमे आणि दूरचित्रवाणी होती, त्यामुळे गुणी खेळाडू तिकडे गेले. पुढे विभागांच्या पायऱ्या बांधताना स्टेडियमची आसनसंख्या आणि प्रेक्षकसंख्या हेच निकष ठरले, तेव्हा जुनी वर्णव्यवस्था कोणताही वर्ण न उच्चारता नव्या तक्त्यात उतरली. नियम समान होते. त्यांच्यापाशी पोचण्याआधीचा इतिहास समान नव्हता.

याच काळात काही संस्थांनी उतरंडीतून आपण होऊन पाय काढून घेतला. शिकागो विद्यापीठ एके काळी या खेळातील बलाढ्य नाव होते. १९३५ चा पहिला हाइझमन पुरस्कार मिळवणारा जे बरवँगर तेथलाच. पण रॉबर्ट हचिन्स यांच्या कारकिर्दीत १९३९ मध्ये विद्यापीठाने फुटबॉल बंद केला. पुढे त्याच मैदानाच्या प्रेक्षासनांखाली २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी यांनी पहिली नियंत्रित अणुशृंखला-प्रक्रिया घडवून आणली. ज्ञानाने खेळाची जागा घेतली म्हणावे, तर ते ज्ञान कोणत्या वाटेने गेले हेही आठवते. १९६९ मध्ये तेथे अधिकृत संघ परत आला आणि आज तो तिसऱ्या विभागात खेळतो. येल, हार्वर्ड, प्रिन्स्टन आदी आठ संस्थांनीही १९४५ च्या करारापासून क्रीडा-शिष्यवृत्त्यांना नकार देत आपला आयव्ही लीग हा वेगळा संसार थाटला. एनसीएएने १९७३ मध्ये तीन विभाग केले आणि १९७८ मध्ये पहिल्या विभागाच्या दोन पायऱ्या केल्या. कडक झालेल्या निकषांनंतर १९८२ मध्ये आयव्ही लीग खालच्या पायरीवर आली. टॉम ब्यूकॅननचे येल गेले ते इथे.

पैशाच्या प्रवाहाला निर्णायक वळण मिळाले १९८४ मध्ये. दूरचित्रवाणीचे हक्क एनसीएएच्या एकहाती ताब्यात असू शकत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी दिला. त्या दोन विरोधी मतांपैकी एक बायरन व्हाइट यांचे, जे स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू होते. शैक्षणिक संस्थांच्या खेळाला निव्वळ व्यापाराचे माप लावू नये, हा त्यांचा रोख होता. माप लागलेच.

आजचा नकाशा या साऱ्या थरांचा बनलेला आहे. २०२५ मध्ये सर्वोच्च पायरीवरील संघ टेक्सासमध्ये १३, ओहायोत ८, तर कॅलिफोर्निया, फ्लोरिडा व नॉर्थ कॅरोलिना येथे प्रत्येकी ७ होते. म्हणजे पाच राज्यांत १३६ पैकी ४२. याउलट मेन, न्यू हॅम्पशर, व्हरमाँट, ऱ्होड आयलंड, मोंटाना, दोन्ही डकोटा आणि अलास्का या आठ राज्यांत त्या वर्षी त्या पायरीवर एकही नव्हता. त्यांपैकी अलास्कात तर कोणत्याच पातळीवर महाविद्यालयीन संघ नाही. पण रिक्त दिसणारी जागा रिक्त असतेच असे नाही. नॉर्थ डकोटा स्टेटने २०११ ते २०२४ या हंगामांत खालच्या पायरीचे विजेतेपद दहा वेळा पटकावले. ओहायोत लाखभर प्रेक्षकांच्या ओहायो स्टेटबरोबरच माउंट युनियन हे छोटे महाविद्यालय आहे, ज्याने तिसऱ्या विभागाचे विजेतेपद तेरा वेळा मिळवले. शिष्यवृत्ती नसताना तेथील मुले का खेळतात, हा प्रश्न मला वरच्या पायरीवरील कोट्यवधींच्या करारांपेक्षा अधिक विचार करायला लावतो. अर्थात तेथेही निर्मळ क्रीडाप्रेमच आहे असे मानणे भाबडेपणाचे होईल. अनेक लहान खाजगी महाविद्यालयांनी पटसंख्या सावरण्यासाठी, विशेषतः मुलांचे प्रवेश वाढावेत म्हणून, फुटबॉल सुरू केला आहे. वरच्या पायरीवर विद्यापीठ खेळाडूसाठी पैसे मोजते, खालच्या पायरीवर खेळाडू शुल्क भरून महाविद्यालय जगवतो.

आता तर भूगोलाचाही धागा तुटतो आहे. २०२४ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरची जुनी कॉन्फरन्स फुटली. स्टॅनफर्ड आणि बर्कली ही पश्चिमेची विद्यापीठे अटलांटिक किनाऱ्याच्या नावाच्या गटात गेली, आणि ‘बिग टेन’ या गटात आता अठरा सभासद आहेत. २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. आजवर ज्यांच्या श्रमावर हे साम्राज्य उभे राहिले त्यांना वाटा मिळतो, हे योग्यच झाले. मात्र त्यामुळे ‘विद्यार्थी’ या शब्दाचा अर्थ काय उरतो, हे कोणत्याही तडजोडीत लिहिलेले नाही.

त्याच २०२५ च्या हंगामापासून आयव्ही लीगने आपल्या पायरीवरील विजेतेपदाच्या बाद फेरीत उतरण्याचा निर्णय अमलात आणला. अनेक दशकांचा अलिप्तपणा संपला. येल पुन्हा खेळात आले आहे, पण टॉम ब्यूकॅननला ते ओळखता येणार नाही. त्याच्या काळी खेळाचा नकाशा म्हणजे त्याच्या वर्गाचा पत्ता होता. आज त्या नकाशावर शेतकऱ्यांची राज्ये आहेत, दक्षिणेचा अपमान आणि अहंकार आहे, आणि बंद दारांआड उभ्या राहिलेल्या जॅक्सन व ग्रॅम्बलिंगच्या परंपरा आहेत. कोणता संघ कितव्या पायरीवर आहे हे तक्ता सांगतो. तेथे त्याला कोणी बसवले आणि कोण स्वतःहून उतरले, हे सांगायला इतिहासच लागतो. गुणवत्तेची म्हणून जी क्रमवारी आपल्यापुढे ठेवली जाते, मग ती संघांची असो वा विद्यापीठांची, ती वाचताना एवढे भान राहिले तरी पुष्कळ झाले.