उत्क्रांती समजायला अवघड का जाते?

‘माणूस माकडापासून झाला, तर आजची माकडे माणसे का होत नाहीत?’ हा प्रश्न शाळेच्या वर्गात विचारला जातो, तसाच तो सुशिक्षितांच्या बैठकीतही ऐकू येतो. त्याचे उत्तर कठीण नाही. आजची माकडे आपले पूर्वज नव्हेत, ती आपली भावंडे आहेत. मानव आणि चिंपांझी यांच्या वंशशाखा सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी एका समान पूर्वजापासून वेगळ्या झाल्या. चुलतभाऊ हयात असताना आपण कसे जन्मलो, असे कोणी विचारत नाही. कारण दोघांचे आजोबा एकच असतात हे आपण जाणतो. तरीही माकडांविषयीचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. चार्ल्स डार्विन यांचा प्रजातींच्या उगमावरील ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर जीवाश्मांपासून जनुकांपर्यंत पुराव्यांची रास उभी राहिली. पण सर्वसामान्य मनात हा सिद्धांत अजून नीटसा रुजलेला नाही. याचे खापर केवळ अज्ञानावर किंवा श्रद्धेवर फोडणे सोपे आहे. मानसशास्त्राचा अभ्यास मात्र वेगळेच सांगतो. अडचण आपल्या मनाच्या घडणीतच आहे.

प्रत्येक गोष्टीचे एक सत्त्व

अगदी लहान मूलही मांजर आणि कुत्रा यांच्यात गल्लत करीत नाही. मांजरीला कुत्र्यासारखे रंगवले तरी ती मांजरच राहते, हे त्याला वाढत्या वयात कोणी न शिकवता कळते. प्रत्येक जीवात काही न बदलणारे ‘सत्त्व’ असते, असे आपले मन गृहीत धरते. व्यवहारात हे गृहीतक फार उपयोगी पडते. एक विषारी फळ ओळखले की त्या जातीची सगळीच फळे टाळता येतात.

उत्क्रांतीला मात्र याच्या उलट दृष्टी लागते. तिच्या लेखी प्रजाती म्हणजे एक साचा नसून परस्परांहून थोड्या थोड्या वेगळ्या जीवांचा समूह असतो. हे वेगळेपण म्हणजे सदोष नक्कल नव्हे. बदलाचे भांडवलच ते आहे. जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी डार्विनच्या विचारातील ही क्रांती विशेषत्वाने अधोरेखित केली होती.

शेतकऱ्याला ही दृष्टी अपरिचित नाही. गोव्याच्या खाजन शेतीत ‘कोरगुट’ हे खारेपणा सोसणारे पारंपरिक भात पिकते. खारे पाणी शिरलेल्या शेतात सगळी रोपे सारखी तग धरीत नाहीत. जी तगली त्यांच्याच लोंब्या बियाण्यासाठी राखल्या गेल्या, तर पुढच्या पिढ्यांत सोशिक रोपांचे प्रमाण वाढत जाते. येथे एकही रोप खारेपणा ‘शिकलेले’ नसते. बदलते ती रोपांच्या समूहाची रचना. डार्विननेही आपल्या ग्रंथाचा आरंभ पाळीव प्राणी आणि पिके यांच्यातील निवडीपासून केला, तो उगाच नव्हे.

‘कशासाठी?’ हा प्रश्न

मनाची दुसरी सवय हेतू शोधण्याची. माणसाच्या जगात बहुतेक वस्तू कशासाठी तरी केलेल्या असतात. तोच न्याय आपण निसर्गालाही लावतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेबोरा केलेमन यांनी मुलांना विचारले, की खडक टोकदार का असतात? प्राण्यांना अंग खाजवता यावे म्हणून, अशा धर्तीची उत्तरे मुलांना अधिक पटली. वय आणि शिक्षण वाढले की ही सवय आवरते. पण सुटत नाही. केलेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, घाईने उत्तरे द्यावी लागली तेव्हा अनुभवी शास्त्रज्ञांनीही अशी चुकीची हेतुवादी विधाने अधिक प्रमाणात मान्य केली.

म्हणूनच ‘उंचावरची पाने खाता यावीत म्हणून जिराफाची मान लांब झाली’ हे वाक्य आपल्याला खटकत नाही. नैसर्गिक निवडीत मात्र कोणाचीही इच्छा वा योजना नसते. आनुवंशिक बदल गरज पाहून घडत नाहीत. त्यांतले जे तगण्यास आणि प्रजननास साहाय्यक ठरतात, ते पुढील पिढ्यांत पसरतात, एवढेच.

काळाचे अफाट माप

तिसरी अडचण काळाची. आपले आयुष्य दशकांत मोजले जाते. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. हा सारा काळ एका वर्षात बसवला, तर सुमारे तीन लाख वर्षांपूर्वी अवतरलेला आपला आधुनिक मानव ३१ डिसेंबरच्या रात्री अखेरच्या ३५ मिनिटांत प्रवेश करतो. एवढ्या अवधीत सूक्ष्म बदलांची बेरीज किती होईल, हे गणिताने मांडता येते. नजरेसमोर आणता येत नाही.

जुनी समजूत पुसली जात नाही

विज्ञान शिकल्यावर या समजुती नाहीशा होतात काय? अँड्र्यू श्टुलमन आणि जोशुआ वाल्कार्सेल यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अनेक विषयांतील विधाने खरी की खोटी ते झटपट ठरवायला सांगितले. जेथे सहजबुद्धी आणि विज्ञान यांची उत्तरे परस्परविरोधी होती, तेथे विद्यार्थ्यांना अधिक वेळ लागला आणि चुकाही अधिक झाल्या. नवे ज्ञान जुन्या समजुतीला दाबून ठेवते, तिची जागा पूर्णपणे घेत नाही, असा याचा अर्थ.

प्रश्न केवळ परीक्षेचा नाही

या गैरसमजाची किंमत आपण औषधांच्या दुकानात मोजतो. ‘शरीराला गोळीची सवय झाली, म्हणून ती लागू पडत नाही’ असे सर्रास म्हटले जाते. प्रतिजैविकांच्या बाबतीत प्रतिकारक्षम होतात ते जीवाणू, आपले शरीर नव्हे. औषधाने दुबळे जीवाणू मरतात, प्रतिकार करू शकणारे मोजके उरतात आणि त्यांचीच संतती वाढते. विषाणूजन्य तापात प्रतिजैविके घेतल्याने ताप बरा होत नाही. शरीरातील इतर जीवाणूंमध्ये मात्र हीच निवड घडते. हे जीवाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातात. त्यामुळे मनाने घेतलेली गोळी हा कोणाचाही खाजगी मामला राहत नाही. पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेच्या धोक्याचा इशारा दिला होता.

२०२३ साली एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञान पाठ्यपुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा १८०० हून अधिक शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी खुल्या पत्राद्वारे आक्षेप नोंदवला. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहे; पण दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्यांपर्यंत तो पोहोचत नाही. सहजबुद्धी ज्या विषयाच्या विरुद्ध जाते, तो विषय लवकर आणि वारंवार शिकवावा लागतो. माकडाचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला हसून गप्प करण्यात काही साधत नाही. तो प्रश्न त्याला का पडला हे समजावून सांगणे, येथूनच उत्क्रांतीचा पहिला धडा सुरू व्हायला हवा.