कारखाना मानके, पुरवठा साखळीतील (कापूस जिनिंग-प्रेसिंग)

पुरवठा साखळीतील कारखान्यांनी श्रम, सुरक्षितता व पर्यावरण यांबाबत पाळावयाच्या किमान अटी.

उगम : १८८१ च्या कारखाने कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली. मात्र तो वर्षात किमान चार महिने चालणाऱ्या, शंभर वा अधिक कामगारांच्या कारखान्यांनाच लागू होता. अल्प हंगामाच्या जिनिंगमधील (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांतील) मजूर त्यामुळे संरक्षणाविना राहत. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी साप्ताहिक सुटी मागितली. १८९१ च्या दुरुस्तीने ती कायद्यात आली (पहा : कामगार चळवळ).

वैशिष्ट्ये : कापूस दाबण्याच्या कारखान्यात, कापूस पिंजणारे यंत्र चालू असलेल्या भागात स्त्रिया व मुलांना कामास १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २७ ने मनाई केली, यंत्राचे भरणतोंड छतापर्यंतच्या भिंतीने वेगळे असल्यास सवलत होती. एसए ८००० (१९९७) हे ऐच्छिक श्रममानक. सेंद्रिय वस्त्रांचे ‘गॉट्स’ मानक जिनिंगपासूनच लागू होते (पहा : सेंद्रिय शेती).

महत्त्व : बुलढाणा जिल्ह्यात कापूस हे एक प्रमुख पीक आहे. शेतातला कापूस प्रथम जिनिंगमध्येच जातो. तेथील तंतुधुळीने बिसिनोसिस हा फुप्फुसांचा विकार होऊ शकतो. आगीचा धोकाही सततचा.