पांझराकाठचे फड: सुटे घटक, स्वतंत्र कर्ते

१९९३ साली योआव शोहम यांनी ‘एजंट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग’ ही संकल्पना मांडली. परिस्थिती पाहून स्वतः निर्णय घेणारा ‘कर्ता’ हा तिचा पाया. १९९६ मध्ये आनंद राव यांच्या एजंटस्पीक या भाषेत त्या कर्त्याला समजुती, उद्दिष्टे आणि संकल्प लाभले. मग प्रश्न आला: असे अनेक कर्ते असलेली मोठी व्यवस्था सुट्या घटकांत कशी बांधावी?

खानदेशातील शेतकऱ्यांनी हाच प्रश्न काही शतके आधी पाण्यापुरता सोडवला होता.

पिंपळनेरच्या डोंगरांतून निघालेली पांझरा साक्री, धुळे ओलांडून तापीला मिळते. तिच्यावर, तसेच नाशिककडील मोसम नदीवर, एकामागून एक बंधारे बांधले गेले. प्रत्येक बंधाऱ्याचा पाट वेगळा. पाटाखालील जमिनीला थळ म्हणत आणि थळाचे साधारण चार फड पडत. एका फडात एकच पीक: कुठे ऊस, कुठे गहू किंवा दादर, एखादा फड पडीत. पुढील वर्षी फेरपालट. शेतकऱ्याची जमीन शक्यतो निरनिराळ्या फडांत असे, त्यामुळे पडीत फडाचा भार एकट्यावर येत नसे.

खरी खुबी या एकपिकातच होती. फडातील सगळ्या शेतांना तहान एकदमच लागते; पाटकऱ्याने शेतागणिक हिशेब का ठेवावा? पाणी तोच देई. मालकाने बारे फोडायचे नाही. जागल्या पीक राखी, पाण्यात हात घालत नसे. हवालदार दोघांवर देखरेख करी. भांडण पंचांपुढे जाई. (साम्य फार ताणू नये. पाटकरी माणूस होता, त्याला भाऊबंदही होते.)

१८१८ नंतर इंग्रजी अंमल आला. १८७९च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने सरकारी कालव्यांवर निराळी रीत रुजवली: शेतकऱ्याने अर्ज करायचा, मंजुरी अधिकाऱ्याने द्यायची. चाळीसगावजवळ गिरणेवरील जामदा बंधाऱ्याचे कालवे याच सरकारी व्यवस्थेतले. १९०६ मध्ये खानदेशची पूर्व आणि पश्चिम अशी विभागणी झाली. आजचे जळगाव आणि धुळे हे जिल्हे त्यांतूनच आले. पांझराकाठी मात्र फड चालूच राहिले.

त्यांना तडे गेले ते विसाव्या शतकात. नदीच्या वरच्या अंगाला धरणे झाली, तसा बंधाऱ्यांपर्यंत पोहोचणारा प्रवाह आटला. पाटकऱ्याचा अधिकार पाटात आलेल्या पाण्यापुरता; न आलेल्या पाण्याचे तो काय करणार? दुसरीकडे शेताशेतांत विहिरी खोदल्या गेल्या. विहीरवाला पीक स्वतः ठरवू लागला आणि गव्हाच्या फडात मधेच ऊस उभा राहिला.