भरीव रोटर प्रवर्तन मोटर

भरीव रोटर प्रवर्तन मोटर हा प्रत्यावर्ती विद्युत प्रवाहावर चालणाऱ्या प्रवर्तन मोटरचा एक प्रकार आहे. हिचा रोटर पातळ पत्र्यांच्या चळतीऐवजी पोलादाच्या एकसंध दंडगोलापासून बनवलेला असतो. असा रोटर यांत्रिकदृष्ट्या मजबूत असल्याने अतिवेगवान काँप्रेसरसारख्या यंत्रांत वापरला जातो. मात्र त्यात विद्युत प्रवाहाचा मार्ग निश्चित नसल्याने टॉर्कचे गणित अवघड होते.

== कार्यतत्त्व ==
स्टेटरचे फिरते चुंबकीय क्षेत्र पोलादात आवर्त प्रवाह निर्माण करते व त्यांतून टॉर्क मिळतो. समकालिक गती आणि रोटरची गती यांतील सापेक्ष फरकास स्लिप म्हणतात. रोटरमधील वारंवारता स्लिपच्या प्रमाणात असते. ती वाढली की प्रवाह पृष्ठभागाजवळ एकवटतात. पोलादाची सापेक्ष पार्यता २०० व वाहकता प्रतिमीटर ५० लाख सीमेन्स धरल्यास ही प्रवेश-खोली ५० हर्ट्‌झला सुमारे २.३ मिमी, तर १ हर्ट्‌झला सुमारे १६ मिमी येते.

== टॉर्कचे प्रतिमान ==
पार्यता स्थिर मानणाऱ्या रेषीय प्रतिमानात रोटरच्या संरोधाचा कला-कोन ४५ अंश, म्हणजेच शक्ती गुणक ०.७०७ येतो. स्टेटरचा संरोध दुर्लक्षिल्यास स्थिर व्होल्टतेला टॉर्क स्लिपच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे आरंभीचा टॉर्क चांगला असतो; पण कमी स्लिपवर पिंजरा रोटरच्या तुलनेत टॉर्क कमी पडतो.

प्रत्यक्षात पोलादाचा पृष्ठभाग चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होतो. मॅक्लीन (१९५४) व अग्रवाल (१९५९) यांनी चुंबकन वक्र आयताकृती मानून हा परिणाम हिशेबात घेतला. त्यानुसार कोन सुमारे २६.६ अंश व शक्ती गुणक ०.८९४ येतो. वास्तव मूल्ये सामान्यतः या दोन टोकांच्या दरम्यान असतात.

== टोकांचा परिणाम ==
प्रवाहांना रोटरच्या टोकांशी वळून परतावे लागते. रसेल व नॉर्सवर्दी यांनी १९५८ मध्ये हा परिणाम वाहकता कमी धरून मांडला. रोटर स्टेटरइतकाच लांब असून ती लांबी एका ध्रुवांतराएवढी असल्यास परिणामी वाहकता मूळच्या सुमारे ४२ टक्केच धरावी लागते. हा घटक वगळल्यास कमी स्लिपवरील टॉर्कचा अंदाज वास्तवापेक्षा बराच जास्त येतो.

== कार्यक्षमता ==
हवेच्या फटीतून रोटरला मिळणाऱ्या शक्तीचा स्लिपइतका अंश उष्णतेत जातो. ५ टक्के स्लिपला ५ टक्के. याशिवाय स्टेटरच्या खाचांमुळे उद्भवणाऱ्या उच्च वारंवारतेच्या क्षेत्रांनी पृष्ठभाग तापतो. कार्यक्षमता सुधारण्यासाठी रोटरवर अक्षीय चिरा पाडतात, तांब्याचा थर चढवतात किंवा टोकांना तांब्याची कडी बसवतात.